सोने छापावे की मेण?

प्रश्न : आमची कोल्हापुरात गुजरी या सराफ बाजाराजवळ तीन पिढ्यांची लहानशी पेढी आहे. मी मेकॅनिकल शाखेची पदवी घेतली, दोन वर्षे पुण्यात नोकरी केली आणि आता वडिलांच्या हाताखाली बसते. एका प्रदर्शनात सोन्याच्या भुकटीपासून थेट दागिना छापणाऱ्या यंत्राची चित्रफीत पाहिली, तेव्हापासून कर्ज काढून असे यंत्र घ्यावे असे मनात घोळते आहे. वडील म्हणतात, "छापलेल्या सोन्याला कस कुठला? आणि आपले दोन कारागीर मग काय करणार?" माझी एक मैत्रीण फॅशन डिझायनर आहे, तिला मंचावर घालण्यासाठी मोठे सोनेरी गळेबंद आणि कंबरपट्टे हवे आहेत, तेही याच यंत्रावर होतील असे मला वाटते. यंत्र घ्यावे का, अशा दागिन्याला हॉलमार्क मिळेल का आणि वडिलांना काय सांगावे? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : निर्णय आधी सांगतो, कारणे मागाहून. सोने थेट छापणारे यंत्र तुम्ही घेऊ नये. ज्या नमुन्यावरून मग सोने ओततात तो मेणाचा किंवा रेझिनचा नमुना छापणाऱ्या यंत्राचा विचार जरूर करावा, पण तोही वर्षभराने. तोवर कॅडवर, म्हणजे संगणकावरच्या रेखाटनावर, हात बसवावा आणि छपाई बाहेरून करून घ्यावी. वडिलांची कसाबद्दलची शंका चुकीची आहे, परंतु त्यांच्या नाखुशीमागे जो व्यवहार आहे तो बराचसा बरोबर आहे, आणि ही दोन्ही विधाने त्यांच्यासमोर एकाच वेळी मांडता आली तर निम्मे काम होईल.

तुम्ही चित्रफितीत जे यंत्र पाहिले त्यात सोन्याच्या मिश्रधातूची अतिशय बारीक, मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढ्या कणांची भुकटी एका थाळीवर पातळ थराने पसरली जाते, लेझरचा किरण दागिन्याचा त्या उंचीवरचा छेद वितळवून घट्ट करतो, थाळी किंचित खाली जाते आणि वर नवा थर येतो. जर्मनीतील ईओएस आणि ब्रिटनमधील कुकसनगोल्ड या कंपन्यांनी मिळून २०१४ च्या सुमारास खास दागिन्यांसाठी 'प्रेशस एम ०८०' नावाचे असे यंत्र बाजारात आणले. तंत्र खरे आहे, त्यातून निघालेले दागिने विकलेही जातात. अडचण सोन्याच्या स्वभावात आहे. सोने पिवळे दिसते ते निळा प्रकाश गिळून पिवळा-तांबडा परतवते म्हणून, आणि धातू छापणाऱ्या यंत्रांतला नेहमीचा लेझर तर तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा असतो. चकचकीत सोने त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग परत फेकते. भुकटीच्या कणांमध्ये प्रकाश अडकून थोडा अधिक मुरतो हे खरे, पण मुरलेली उष्णताही जागेवर राहत नाही, कारण शुद्ध सोने स्टेनलेस स्टीलच्या सुमारे वीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. बकनळीने डाग देताना, म्हणजे तुकडे जोडताना, ज्योत एका ठिकाणी धरली तरी अख्खा दागिना तापतो हे तुमच्या वडिलांना पाठ असेल. लेझरपुढे नेमके तेच संकट उभे राहते. तांबे, चांदी आणि इतर धातू मिसळले की उष्णता वाहणे बरेच मंदावते, म्हणून १८ कॅरेटचे काम त्यातल्या त्यात जमते, आणि सोने जितके शुद्धतेकडे जाते तितके ते अवघड होत जाते. हिरवा किंवा निळा लेझर सोन्यात अधिक मुरतो, त्या दिशेने यंत्रे येत आहेत. पण तुमच्या दुकानात येणारे गिऱ्हाईक २२ कॅरेट मागते, आणि यंत्राचा हात सरळ चालतो तो १८ कॅरेटवर, ही पहिली गाठ.

दुसरी गाठ पैशाची आहे, आणि ती यंत्राच्या किमतीत नाही. मी सांगितलेल्या यंत्राची थाळी ८० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे तळहाताएवढी आहे. त्यावर २५ मिलिमीटर उंचीची एक अंगठी उभी छापायची म्हटली तरी तेवढ्या उंचीपर्यंत संपूर्ण थाळी भुकटीने भरावी लागते. घनफळ काढा: सुमारे १२५ घनसेंटिमीटर. १८ कॅरेटची भुकटी ढिगाच्या रूपात घनसेंटिमीटरला साडेआठ ग्रॅमच्या आसपास धरली तर एक किलोहून अधिक सोने थाळीत पडून राहते, आणि पुढचे थर पसरण्यासाठी साठ्यात लागते ते वेगळेच. अंगठी निघणार पाच-सहा ग्रॅमची. उरलेली भुकटी चाळून पुन्हा वापरता येते, ती वाया जात नाही, पण ती अडकून पडते. दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढे गेलेले दिवस आपण पाहिले आहेत. त्या हिशेबाने थाळीतल्या किलोभर १८ कॅरेटमध्येच पाऊण कोटीचे शुद्ध सोने निजलेले असते. थाळी अंगठ्यांनी खच्चून भरली तर हा हिशेब सुसह्य होतो, म्हणून हे यंत्र रोज शेकडो नग काढणाऱ्याचे आहे, आठवड्याला दहा नग घडवणाऱ्या पेढीचे नव्हे.

याला आणखी एक शेपूट आहे. सोमवारी पिवळे सोने छापले आणि मंगळवारी गुलाबी छापायचे आहे, तर यंत्राचा कोपरान् कोपरा, गाळण्या आणि पाती धुऊन-पुसून कणन् कण बाहेर काढावा लागतो, नाहीतर दोन मिश्रधातू एकमेकांत मिसळतात. सोनारांच्या दुकानातला केर विकत घेऊन त्यातले सोने धुऊन काढणारे झारेकरी तुमच्या आजोबांनी पाहिले असतील. त्या झारेकऱ्याचे काम या यंत्रात मालकालाच करावे लागते. छपाईनंतर दागिन्याचा पृष्ठभाग बारीक पॉलिश-पेपरासारखा खरखरीत असतो आणि आधाराचे खुंटही काढावे लागतात, त्यामुळे कानस आणि झिलई सुटत नाही. चित्रफितीत हा भाग सहसा दाखवत नाहीत.

मग हे यंत्र कशासाठी चांगले? जे आकार साच्यातून निघूच शकत नाहीत त्यांच्यासाठी: आतून पोकळ आणि पोकळीत जाळी असलेली कडी, एकात एक गुंतलेल्या पण जोड नसलेल्या साखळ्या, पाकळ्यांच्या आत पाकळ्या. अशा आकारांत वजन खूप वाचते. तिथेही पोकळी पूर्ण बंद करता येत नाही, भुकटी बाहेर पडायला छिद्र ठेवावेच लागते. ते विसरले तर आत राहिलेल्या सुट्या भुकटीचे पैसे गिऱ्हाईक भरते आणि दागिना कानाशी हलवला की खुळखुळतो. अशी एखादी कल्पना तुम्हाला खरोखरच सुचली, तर तेवढा नग थेट छपाई करून देणाऱ्याकडून करवून घेता येईल. त्यासाठी यंत्र घरात आणण्याची गरज नाही.

आता कसाबद्दल. कस म्हणजे धातूत सोने किती याचे मोजमाप, तो धातू हातोडीखालून आला, साच्यातून आला की लेझरखालून, याच्याशी त्याचा संबंध नाही. ७५० ची, म्हणजे हजारात ७५० भाग सोन्याची (१८ कॅरेट), भुकटी वितळवून केलेला दागिना ७५० चाच राहतो. हॉलमार्किंग केंद्र क्ष-किरणांनी आणि गरज पडल्यास नमुना जाळून तेच तपासते, घडवण्याची रीत विचारत नाही. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक नगाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक, असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि तो नियम छापलेल्या, ओतलेल्या व घडवलेल्या दागिन्यांना सारखाच लागू आहे. उलट एका बाबतीत अशा दागिन्यांची बाजू वरचढ आहे. वडिलांना केडीएमचा काळ आठवत असेल. डागात कॅडमियम असे आणि त्याच्या धुराने कारागिरांची फुप्फुसे खराब होत. अखंड छापलेल्या किंवा ओतलेल्या नगात डागच नसतो किंवा अगदी थोडा असतो, त्यामुळे जोडाच्या जागी कस उतरण्याची तक्रार उरत नाही. ही गोष्ट त्यांना अवश्य सांगा. माझ्या अनुभवात जुन्या सोनारांना ती चटकन पटते, कारण डागाची बदनामी त्यांनीच सोसलेली असते.

तुमचा खरा मार्ग मेणाचा आहे, आणि तो वडिलांना परका वाटायला नको, कारण मेणाचा नमुना करून, त्यावर माती लिंपून, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात ही कृती दिली आहे आणि सोन्याची मूर्ती करायची तर मेणाच्या तोलाच्या सोळा पट सोने घ्यावे असेही सांगितले आहे. आजच्या कारखान्यात मेणाच्या एका ग्रॅमला १८ कॅरेटचे १५ ते १६ ग्रॅम आणि २२ कॅरेटचे अठराच्या आसपास धरतात. आठ-नऊशे वर्षांत गुणक फारसा हललेला नाही, कारण मेणही तेच आहे आणि सोनेही. बदलले आहे ते एवढेच, की मेणाचा नमुना हाताने कोरण्याऐवजी तो संगणकावर रेखून यंत्राने थरावर थर रचून काढला जातो. मुंबईत अंधेरीच्या सीप्झमधल्या निर्यात कारखान्यांत वर्षानुवर्षे हेच चालते, तिथे याला कोणी मोठे नाव देत नाही, "आरपी (रॅपिड प्रोटोटाइप, म्हणजे छापलेला नमुना) काढली का?" एवढेच विचारतात.

यात तुमच्या पेढीला होणारा पहिला लाभ वजनाचा आहे. कॅडमध्ये नमुना पूर्ण झाला की त्याचे घनफळ दिसते. समजा ते ०.३ घनसेंटिमीटर आले, तर १८ कॅरेटमध्ये नग साधारण ४.६५ ग्रॅमचा आणि २२ कॅरेटमध्ये ५.३ ग्रॅमचा होणार हे सोने मुशीत पडण्याआधी कळते, आणि समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचे अंदाजपत्रक चार ग्रॅमचे असेल तर तिथल्या तिथे आतून कोरून, पट्टी अरुंद करून नग हलका करता येतो. घडवून झाल्यावर वजन वाढले म्हणून तोंड लपवण्याची वेळ कोणत्या सोनारावर आली नाही?

यातले धोकेही सांगतो, कारण ते मी पैसे मोजून शिकलो आहे. स्वस्त यंत्रे मेण नव्हे तर प्रकाशाने कडक होणारे रेझिन छापतात. मेण वितळून निथळते, रेझिन तसे करत नाही. ते तापल्यावर आधी फुगते आणि मग जळते. प्लास्टरच्या साच्याला त्या फुगण्याने चिरा जातात आणि नीट जळले नाही तर तळाशी राख उरते. ज्या कारखान्यात मी पूर्वी काम केले तिथे पहिल्यांदा रेझिनचे नग मेणाच्याच वेळापत्रकाने भट्टीत टाकले आणि सकाळी 'झाडा'वरून, म्हणजे एकाच खोडाला जोडून ओतलेल्या नगांच्या घोसावरून, कापलेल्या बत्तीस अंगठ्यांपैकी एकोणीस अंगठ्यांच्या पट्टीवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे निघाली. झिलई करावी तो छिद्रांखाली आणखी छिद्रे. सगळे सोने पुन्हा मुशीत गेले, आठवड्याची मजुरी वाया गेली. उलट, राख जावी म्हणून जिप्समचा साचा ७५० अंशांच्या पुढे तापवत नेला तर जिप्समच फुटू लागते, त्यातून गंधकाचा वायू सुटतो आणि पुन्हा छिद्रेच पडतात. म्हणून रेझिन घ्याल तर त्याच रेझिनसाठी दिलेले भट्टीचे वेळापत्रक आणि तशाच प्रकारचे साच्याचे द्रव्य वापरा, आणि पहिले चार-सहा नग चांदीत किंवा पितळेत ओतून पाहा. खरे मेण छापणारी यंत्रे महाग असतात, पण त्यांचे मेण पाण्यासारखे निथळते. बाहेरून छपाई करून घेताना मेणाचीच मागा.

आकसण्याचा हिशेबही विसरू नका. ओतलेले सोने गार होताना दीड-दोन टक्के लहान होते. १७ मिलिमीटर व्यासाच्या अंगठीत हा फरक ०.३ मिलिमीटरचा, घेरात जवळजवळ एका मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे एका नंबरचा पडतो. त्यात ओतलेल्या पहिल्या नगावरून रबर डाय (मेणाचे नग काढण्याचा रबरी साचा) करून पुढे नग काढणार असाल तर रबराचे आकसणे आणखी मिळवावे लागते. कानस आणि झिलईत मात्र जाडी दहावा-पाचवा हिस्सा मिलिमीटर कमी होते, आणि ती वाढ कॅडमध्ये आधीच द्यायची असते.

यंत्राच्या मोहात जे हमखास सुटते ते आता. तुमच्या गुजरीची ओळख ज्या दागिन्यांवर आहे त्यांपैकी बहुतेकांना छपाई आणि ओतकाम नुकसानीचे आहे. कोल्हापुरी साजाची पाने घ्या. कागदासारखा पातळ पत्रा ठशावर ठोकून मासा, कासव उठवायचे, पाठ बंद करून आत लाख भरायची, यामुळे दिसायला भरीव आणि तोलायला हलका असा नग होतो. तेच पान ओतायचे तर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरहून पातळ भिंत भरवशाने भरत नाही, आणि साज दुप्पट-तिप्पट वजनाचा होऊन बसतो. बोरमाळेचे मणी, वज्रटीक, पुतळ्या, जोंधळी पोत यांची गोष्टही हीच. ठुशीचे बारीक मणी छापत बसणे म्हणजे तर ज्वारीचा दाणा दाणा रंगवण्यासारखे आहे. परदेशात पोकळ जाळी छापून जो हलकेपणा मिळवण्यासाठी एवढी खटपट चालली आहे, तो आपल्या कारागिरांनी पत्रा आणि लाखेने केव्हाच साधला होता, असे मी म्हटले तर त्यात अभिमान थोडा असेल, पण अतिशयोक्ती नाही.

पण कॅड तिथेही कामाला येते. झिजलेल्या ठशाचा नवा ठसा पोलादात कोरायचा तर सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कोरणाऱ्या, यंत्राला तीच संगणकीय रेखाकृती लागते. म्हणून मी म्हणतो, यंत्रापेक्षा रेखाटन शिका. छपाईचा थेट उपयोग बारीक खड्यांच्या अंगठ्या आणि पेंडंट, नावाची अक्षरे, फासे आणि कड्यांच्या बिजागऱ्या, उजव्या-डाव्या जोड्या यांच्यासाठी करा. जोड्यांवरून आठवले: कुणाची आजीच्या वेळची एक बुगडी हरवलेली असते आणि दुसरी डबीत पडून असते. उरलेली स्कॅन करायची, आरशातल्यासारखी उलटवायची, मेणात छापून ओतायची. स्कॅनरला चकचकीत सोने नीट दिसत नाही, म्हणून त्यावर आधी उडून जाणारा पांढरा फवारा मारावा लागतो, एवढे लक्षात ठेवा. अशा चार बुगड्या करून दिल्यात तर जाहिरातीची गरज राहणार नाही.

मैत्रिणीच्या कामाला सोन्याचे यंत्र मुळीच नको. मंचावरचा कंबरपट्टा सोन्यात केला तर तो घालणारीला चालवणार नाही. तिने तो नायलॉनमध्ये छापून घ्यावा, त्यावर वीज वाहील असा थर आणि तांब्याचा थर चढवून वर सोन्याचा मुलामा द्यावा. १०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा मुलामा चढवायला ०.२ ग्रॅमपेक्षा कमी सोने लागते. रोज वापरायचा नग असेल तर चांदीवर अडीच मायक्रॉनचा थर टिकतो, अर्धा मायक्रॉन गणपतीला चढवला तर दिवाळीपर्यंत उडतो. हे काम तुमच्या पेढीच्या नावाने करू नका आणि पावतीवर "सोन्याचा मुलामा" असे स्पष्ट लिहा. पेढीच्या पाटीखाली सोने आणि सोनेरी एकत्र मांडले की तीन पिढ्यांच्या नावाला त्याचा चटका बसतो.

कारागिरांबद्दल वडिलांना गुळमुळीत उत्तर देऊ नका. मेण कोरण्याचे काम कमी होईल, ते मान्य करा. कानस, खडे बसवणे, जोड आणि झिलई हे काम राहील, नग वाढले तर तेही वाढेल. मात्र त्यांची मजुरी आज ग्रॅमवर असेल तर ती नगावर ठरवून घ्या, कारण तुम्ही दागिने हलके करत जाणार आणि ग्रॅमवरची मजुरी त्यांच्या पोटावर येणार. गिऱ्हाइकाकडून ओतीव नगाला हातघडणीची घडणावळ घेऊ नका, हेही त्याच बैठकीत ठरवा.

आणखी एक व्यावहारिक बाब. पूर्वी ठसा तिजोरीत राहत असे, आता तो फाइलच्या रूपात छपाईवाल्याच्या संगणकात जातो. स्वतःची खास रचना असेल तर ती बाजारात दाखवण्यापूर्वी डिझाइन्स कायदा, २००० खाली नोंदवा. संरक्षण दहा वर्षांचे असते आणि आणखी पाच वर्षांनी वाढवता येते. फाइल दिल्याशिवाय मेणाचा नग छापून मिळत नाही, म्हणून निदान छपाईवाला एकच ठेवा आणि लेखी बोली करा.

सुरुवात अशी करा. वडिलांनी हाताने घडवलेली, त्यांना स्वतःला आवडणारी एक साधी अंगठी मागून घ्या, कॅलिपरने मोजून ती कॅडमध्ये रेखा, आकसणे आणि कानशीची वाढ धरा, मेणाचा नग मागवा आणि तो त्यांच्याच काट्यावर त्यांनाच तोलू द्या. अठराने गुणून येणारा आकडा त्यांच्या हाताने कागदावर लिहून घ्या, २२ कॅरेटमध्ये ओता, आणि झिलई झाल्यावर दोन्ही अंगठ्या शेजारी ठेवून पुन्हा काटा लावा. आकडा जुळला नाही तर कुठे चुकले ते शोधायला तेच तुमच्या शेजारी बसतील.